सपाट जमीन सिग्नल कुठे नेते?

नाशिकहून संभाजीनगर रोडनं चांदोरी सोडली की डोंगर मागं पडतात आणि निफाडपर्यंत काळी सपाट जमीन, द्राक्षबागा, कांदा. आडवं काहीच नाही, मग सिग्नल लांबवर मस्त मिळायला हवा ना? तसं होत नाही. मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झालं की पॉवर चौथाई उरते, पण सपाट जमिनीवर, टॉवरपासून बरंच लांब गेल्यावर, अंतर दुप्पट केलं की थेट सोळावा हिस्सा.

कारण लहर फोनपर्यंत दोन वाटांनी येते, एक सरळ आणि एक जमिनीवर आपटून. समजा टॉवर 30 मीटर, फोन दीड मीटरवर आणि मधलं अंतर 3 किलोमीटर. दोन्ही उंचींचा गुणाकार करायचा, दुप्पट करायचा, अंतरानं भागायचं, की दोन वाटांच्या लांबीतला फरक मिळतो: फक्त 3 सेंटीमीटर! 900 मेगाहर्ट्झची तरंगलांबी 33 सेंटीमीटर, म्हणजे दोघी जवळपास पावलाला पाऊल लावूनच पोचतात, जोर वाढायला हवा. पण इतक्या चपट्या कोनात जमिनीवरून परतताना लहर उलटी होते, गणितात तिच्यापुढे उणे लागतं, आणि दोघी एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. त्या 3 सेंटीमीटरमुळे जे थोडंफार वाचतं तेवढाच आपला सिग्नल, आणि लांब जाल तसा तो फरकही घटत जातो.

मला यात सगळ्यात भारी काय वाटतं, तर अँटेनांचा गेन (म्हणजे एका दिशेला जोर एकवटण्याची क्षमता) तोच धरला तर शेवटच्या सूत्रातून तरंगलांबी चक्क कटून जाते, उरतात फक्त उंची आणि अंतर. टॉवर दुप्पट उंच, पॉवर चौपट.

आता मीडियम वेव्ह घ्या. आकाशवाणी मुंबईच्या 558 किलोहर्ट्झची लहर 500 मीटरपेक्षा लांब, तिच्यापुढे जमिनीलगतचा रेडिओ म्हणजे उंची शून्यच. दोन वाटांचा हिशोबही शून्य देतो, तरी रेडिओ वाजतो! कारण जमिनीला धरून जाणारी लहर या हिशोबात येतच नाही. तिचं गणित जर्मनीत भौतिकशास्त्रज्ञ आर्नोल्ड सॉमरफेल्डनं 1909 मध्ये मांडलं, मग 1935 मध्ये अमेरिकेत इंजिनियर केनेथ नॉर्टननं सांगितलं की त्यात एक चिन्ह उलटं पडलंय, आणि चूक नेमकी कुठे यावर पुढं कित्येक दशकं वाद चालला. पण कुठलं उत्तर धरायचं हे मोजमापानं ठरलं: अमेरिकन इंजिनियर चार्ल्स बरोजनं न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका तलावावर सिग्नल मोजला, 1937 मध्ये छापला, आणि आकडे नॉर्टनच्या बाजूनं आले.