लाटांची वीज

श्रोतेहो, नमस्कार.

समुद्राच्या लाटांपासून वीज करता येते. करता येते, आणि हे कळून पन्नास वर्षं उलटली.

1973चा हिवाळा. तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झालेले. एडिंबरो विद्यापीठातले अभियंते स्टीफन सॉल्टर फ्लूने अंथरुणावर पडून होते. त्यांच्या पत्नी मार्गरेट डोनाल्डसन, स्वतः नावाजलेल्या मानसशास्त्रज्ञ, त्यांना म्हणाल्या, असं तोंड पाडून पडण्यापेक्षा ऊर्जेचा प्रश्न तरी सोडव! वर अटी घातल्या. ऊर्जा भरपूर हवी, स्वच्छ हवी, धोका नको, स्कॉटलंडच्या हिवाळ्यात मिळायला हवी आणि कधी संपता कामा नये. सॉल्टर यांना उत्तर लाटांत दिसलं. उत्तर अटलांटिकच्या लाटा हिवाळ्यातच सर्वांत जोरकस असतात, आणि विजेची गरजही तेव्हाच जास्त!

त्यांनी तरंगतं यंत्र बनवलं, त्याला नाव पडलं ‘डक’, म्हणजे बदक. पुढे चोच, मागे गोलाई. लाट आली की चोच खालीवर होते, त्या हालचालीवर वीज करायची. गोल पाठीमुळे मागचं पाणी ढवळत नाही. टाकीतल्या प्रयोगाचा फोटो आहे : बदकाच्या पुढे लाटा, मागे जवळजवळ सपाट पाणी. म्हणजे लाटेतली शक्ती गेली कुठे? यंत्रात. सुमारे नव्वद टक्के! 1974 साली हे ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलं.

सॉल्टर विमानाच्या कारखान्यात उमेदवारी करून आलेले, कानस-करवत हाताळलेले.

ब्रिटिश सरकारने 1976मध्ये लाटांवरच्या संशोधनाला पैसा दिला आणि 1982मध्ये हात आखडता घेतला. 1976 ते 1982, जेमतेम सहा वर्षं! कारण दिलं विजेच्या खर्चाचं, आणि त्या हिशेबावरून पुढे वर्षानुवर्षं वाद झाला. टाकीतलं बदक पूर्ण आकारात खऱ्या समुद्रात उतरलंच नाही. खारं पाणी, वादळं, तुटणारे नांगर, यांवरचे उपाय समुद्रात राहूनच शिकावे लागतात, आणि त्याचा खर्च सुरुवातीला देशालाच उचलावा लागतो. डेन्मार्कने पवनचक्क्यांच्या पाठीशी सरकारी बळ उभं केलं आणि 1991मध्ये विंडेबीच्या समुद्रात अकरा चक्क्या रोवून जगातलं पहिलं सागरी पवनऊर्जा केंद्र उभारलं. आज समुद्रावरच्या वाऱ्याची वीज मोठमोठी शहरं वापरतात. लाटांना तेवढी वर्षं कुणी दिलीच नाहीत.