मुठेल: रातांब्याच्या बीतलं घट्ट तेल

(दृश्य: तळहातावर अंड्याएवढा, पिवळसर पांढरा गोळा. त्यावर बोटांचे ठसे.)

हा मेणाचा गोळा नव्हे, हे तेल आहे. कोकणात याला मुठेल म्हणतात, कारण ते मऊ असतानाच मुठीत दाबून वळतात. बघा, वळणारीची चारही बोटं उमटली आहेत.

रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, सालं जातात आमसुलाला, रस आगळाला. उरतात बिया. त्या कडक उन्हात वाळवायच्या, टरफल काढून आतला गर कुटायचा, भरपूर पाण्यात रटरट उकळायचा आणि टोप रात्रभर झाकून ठेवायचा. सकाळी दुधावर साय धरावी तसा थर धरलेला असतो. बीच्या वजनाचा साधारण पाव हिस्सा तेल असतं. घरच्या उकळण्यात ते सगळं हाती लागत नाही, बरंच चोथ्यातच राहतं.

(दृश्य: निरांजनाच्या ज्योतीजवळ धरलेला गोळा. एक थेंब टाचेच्या भेगेत पडतो.)

थंडीत टाचा फुटल्या की हा गोळा खाली काढायचा. ज्योत मात्र लागतेच. खोबरेल पंचविशीच्या आसपास पातळ होतं. मुठेलाला जवळजवळ ४० अंश हवेत. नुसत्या तळहाताच्या उबेला ते दाद देत नाही.

हा हट्टीपणा येतो कुठून?

तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनचा कणा आणि त्याला लटकलेली तीन मेदाम्लं. मुठेलात मुख्यतः दोनच मेदाम्लं भेटतात. स्टिअरिक आम्ल सरळसोट, काठीसारखं. ओलिक आम्लाची लांबी तीच, १८ कार्बनांची, पण मधोमध बाक. काठ्यांची मोळी घट्ट बांधता येते. वाकड्या फांद्यांची मोळी ढिलीच राहते.

(दृश्य: प्रयोगशाळा. यंत्राच्या पडद्यावर एकामागून एक उंच सुळके.)

हे गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे वाफ करून मिश्रणातले घटक वेगळे करणारी पद्धत. तिच्यात तेल थेट घालत नाहीत. आधी मेदाम्लं सुटी करून त्यांचे मिथाइल एस्टर, म्हणजे सहज वाफ होणारी रूपं, बनवतात. मग सुळके मोजायचे. स्टिअरिकचा सर्वांत उंच, निम्म्याहून जास्त. त्याच्या पाठोपाठ ओलिक. बाकीचे किरकोळ.

पण कोण कुठे बसलंय, हे सुळके सांगत नाहीत. त्यासाठी स्वादुपिंडातलं लायपेज हे विकर वापरतात. ते रेणूच्या दोन्ही कडेची आम्लं कापतं, मधलं सोडतं. मागे जे उरतं ते बहुतेक ओलिक! म्हणजे दोन बाजूंना काठ्या, मध्ये बाक. मुठेलातले सत्तर टक्क्यांहून अधिक रेणू याच एका साच्यातले. एकाच मापाच्या विटांची भिंत एकदम उभी राहते आणि पडतेही एकदम. म्हणूनच मुठेल आधी टणक असतं आणि ऊब पुरेशी मिळाली की झरकन वितळतं.

कोको बटरचीही ठेवण अशीच असते. फक्त त्यात पामिटिक आम्ल, म्हणजे थोडी आखूड काठी, जास्त, त्यामुळे ते तोंडात वितळतं. युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेट-नियमात कोको बटरखेरीज सहा वनस्पतिमेदांना ५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. त्या सहांत आपला रातांबा आहे, आणि आंब्याची कोयही. टाचेची वस्तू चॉकलेटात गेली, हे आजीला सांगायची सोय नाही.

आता मेणाचं. स्टिअरिक हे नाव दिलं फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ चरबी. याच आम्लाच्या मेणबत्त्यांचं पेटंट त्यांनी १८२५ मध्ये गे-ल्युसॅक यांच्यासोबत घेतलं. तेव्हा मुठेल हाताला मेणबत्तीसारखं लागतं ते उगाच नाही. पण याच सारखेपणाचा फायदा घेऊन कोणी त्यात खरंच पॅरॅफिन, म्हणजे खनिज तेलातून निघणारं मेण, मिसळलं तर? रंग तोच, स्पर्श तोच. डोळ्यांना पकडता येणार नाही.

(दृश्य: दोन परीक्षानळ्या, खाली गरम पाण्याचं भांडं.)

दोन्हींत मद्यार्कात विरघळवलेलं कॉस्टिक पोटॅश (तीव्र अल्क) घालून उकळायचं. तेलाचा साबण होतो. पॅरॅफिनचा होत नाही, कारण त्यात मेदाम्लंच नाहीत. मग वरून गरम पाणी. साबण पाण्यात विरघळतो, पॅरॅफिन विरघळत नाही.

(दृश्य: पाणी ओतलं जातं. क्षणभर शांतता.)

डावी नळी ताकासारखी गढूळली. तिच्यात आपणच चिमूटभर मेण टाकलं होतं.

उजवीत मुठीचे ठसे असलेल्या त्या गोळ्याचा तुकडा. आरपार दिसतंय.