पाच मते, एक मत : चेरोकींची भूमी कशी गेली

(दृश्य : उत्तर जॉर्जियातील मोकळे गवताळ मैदान, दूर डोंगररांग, मध्ये लाकडी इमारतींची छोटी वस्ती)

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, उत्तरेकडच्या डोंगराळ भागात न्यू इकोटा नावाचे ठिकाण आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे उत्खनन झाले, तेव्हा मातीतून छापखान्याचे शिशाचे खिळे निघाले. जेमतेम नखाएवढे रुंद असलेल्या त्या खिळ्यांच्या टोकावर उलटी कोरलेली अक्षरे इंग्रजी नव्हती. ती चेरोकी या मूलनिवासी लोकांच्या भाषेची अक्षरे होती, आणि हे गाव एके काळी चेरोकी राष्ट्राची राजधानी होते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिका पश्चिमेकडे कशी पसरली, हे सांगताना बहुतेक वेळा धूळ उडवत जाणारे बैलगाड्यांचे तांडे दाखवले जातात. त्या गाड्या खऱ्या होत्या. पण त्यांच्यासाठी जमीन मोकळी झाली ती आधी कागदावर, म्हणजे कायद्यांनी, तहांनी, सोडतींनी आणि मोजक्या मतांच्या फरकाने. न्यू इकोटाची कहाणी ही त्या कागदांची कहाणी आहे.

(दृश्य : चेरोकी अक्षरांचा जुना तक्ता)

सेक्वोया हा व्यवसायाने चांदीचा कारागीर होता आणि त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते. गोरे लोक कागदावर काही खुणा करतात आणि त्या खुणा दूरच्या माणसाशी बोलतात, एवढेच त्याने पाहिले होते. अनेक वर्षे खपून त्याने १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेसाठी ८६ चिन्हांची लिपी पूर्ण केली. देवनागरीत ‘ल’ला काना जोडला की ‘ला’ होतो आणि वेलांटी जोडली की ‘ली’. सेक्वोयाने मात्र ‘ला’साठी एक आणि ‘ली’साठी त्याहून पूर्णपणे निराळे चिन्ह नेमले, कारण त्याने भाषेचे तुकडे अवयवांनी, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या ध्वनिगटांनी पाडले होते, स्वर-व्यंजनांनी नव्हे. चेरोकी स्वतःला ‘त्सालागी’ म्हणतात आणि हा शब्द त्या लिपीत तीन चिन्हांत लिहून होतो. ज्याची ही मातृभाषा आहे, त्याला ती लिपी फार थोड्या काळात शिकता येई, आणि काही वर्षांतच ती घरोघरी पोहोचली. लिहिता-वाचता न येणाऱ्या एका माणसाने आपल्या लोकांना लिपी द्यावी, अशी उदाहरणे जगाच्या इतिहासात विरळाच सापडतात.

२१ फेब्रुवारी १८२८ रोजी न्यू इकोटा येथे ‘चेरोकी फीनिक्स’ या वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला. मजकूर चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत होता, आणि संपादक होता एलायस बुडिनो हा चेरोकी तरुण. पत्राचे खिळे बोस्टनमध्ये ओतले गेले होते आणि त्या कामी अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने साह्य केले होते. मराठी श्रोत्यांना या संस्थेची ओळख करून द्यावी असे वाटते, कारण हिच्याच मिशनऱ्यांनी १८१३ मध्ये मुंबईत पाऊल ठेवले होते आणि पुढे मराठी पुस्तके छापणारा छापखाना तिथे काढला होता. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघाले, ते १८३२ मध्ये. चेरोकींचे द्विभाषिक पत्र त्याच्या चार वर्षे आधीचे आहे.

(दृश्य : १८२० च्या दशकातील नकाशा, चेरोकी प्रदेशावर हळूहळू प्रकाश)

चेरोकींनी हे सारे का केले, त्याचे उत्तर १७९१ च्या होल्स्टन तहात आहे. त्या तहाने संघराज्याने चेरोकींच्या जमिनीची हमी दिली आणि त्यांनी शिकार सोडून शेती व पशुपालन करावे म्हणून शेतीची अवजारे देण्याचे कबूल केले. स्थायिक व्हा, शिका, आमच्यासारखे राहा, म्हणजे सुखाने नांदाल, असे ते आश्वासन होते. चेरोकींनी ते मनावर घेतले. शेती वाढवली, शाळा काढल्या आणि १८२७ मध्ये लेखी राज्यघटना मंजूर केली, जिच्यात दोन सभागृहे, न्यायालये आणि निवडलेला मुख्य प्रमुख अशी रचना होती. त्यांच्यातील श्रीमंत कुटुंबांनी शेजारच्या गोऱ्या मळेवाल्यांप्रमाणे कृष्णवर्णीय गुलामही बाळगले. १८३५ च्या शिरगणतीत १६,५४२ चेरोकींबरोबर १,५९२ गुलामांची नोंद आहे, आणि पुढे जी पायपीट झाली तिच्यात हे गुलामही ओढले गेले. चेरोकींवरील अन्याय सांगताना या माणसांना वगळणे योग्य होणार नाही.

जॉर्जियाला नेमकी ही स्थिरताच खुपत होती. १८०२ च्या करारान्वये जॉर्जियाने आपला पश्चिमेकडील प्रदेश संघराज्याला दिला होता, आणि मोबदल्यात राज्याच्या हद्दीतील मूलनिवासींचा जमिनीवरचा हक्क संघराज्याने शांततेने व रास्त अटींवर संपवावा असे ठरले होते. म्हणजे एकच जमीन एकाला कायमची म्हणून आणि दुसऱ्याला लवकरच देऊ म्हणून, अशी दोघांना कबूल केली गेली होती. शिकारीमागे फिरणारी टोळी आज ना उद्या पुढे सरकेल, ही आशा जॉर्जियाला होती; पण राज्यघटना लिहिणारे आणि वृत्तपत्र छापणारे लोक जागचे हलत नाहीत. कापसाने जमिनीचे भाव चढलेले होते. डिसेंबर १८२८ मध्ये जॉर्जियाने चेरोकी प्रदेशाला आपले कायदे लागू करण्याचे ठरवले, आणि त्याच सुमारास डालोनेगाच्या परिसरात सोने सापडून हजारो उपरे खोरी-फावडी घेऊन चेरोकींच्या ओढ्यांत उतरले. पुढील कायद्यांनी चेरोकींच्या सभांना बंदी झाली आणि गोऱ्या माणसाविरुद्ध त्यांची साक्ष अग्राह्य ठरली. लुटणारा गोरा असेल, तर लुटला गेलेला माणूस न्यायालयात तोंड उघडू शकत नव्हता.

(दृश्य : वॉशिंग्टनमधील कॅपिटॉल इमारतीचे जुने चित्र)

१८२८ च्या निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सन अध्यक्ष झाले. सामान्य गोऱ्या मतदाराचा आपला माणूस अशी त्यांची ख्याती होती, आणि त्या मतदाराला हवी होती जमीन. मूलनिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचे विधेयक १८३० मध्ये काँग्रेसपुढे आले. न्यू जर्सीचे सिनेटर थिओडोर फ्रेलिंगहायसन यांनी तीन दिवसांत मिळून सहा तास त्याविरुद्ध भाषण केले. टेनेसीच्या सरहद्दीवरून निवडून आलेले डेव्ही क्रॉकेट यांनी जॅक्सनच्याच राज्याचे असूनही विरोधात मत दिले, आणि पुढच्या वर्षी ते निवडणूक हरले. सिनेटमध्ये २८ विरुद्ध १९ मतांनी विधेयक सहज निघाले, पण प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७, म्हणजे अवघ्या पाच मतांनी तरले. त्या काळी प्रतिनिधींची संख्या ठरवताना दर पाच गुलाम तीन माणसे म्हणून मोजले जात, आणि त्या मोजणीने दक्षिणेला मिळालेल्या जादा जागा पाचांहून कितीतरी अधिक होत्या. ज्यांना मताचा अधिकारच नव्हता, त्यांच्या डोक्यांच्या मोजणीवर दुसऱ्या एका जनसमूहाची हद्दपारी मंजूर झाली, ही गोष्ट मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करते. २८ मे १८३० रोजी जॅक्सन यांनी कायद्यावर सही केली.

हा कायदा कागदोपत्री कुणावरही सक्ती करत नव्हता. त्याने फक्त तह करण्याची परवानगी आणि पाच लाख डॉलर दिले होते. सक्ती जॉर्जियाने केली. १८३२ मध्ये चेरोकी प्रदेशाची मोजणी होऊन सोडत काढण्यात आली, ज्यात शेतजमिनीचे १६० एकरांचे आणि सोन्याच्या पट्ट्यातील ४० एकरांचे तुकडे होते. चेरोकींचे मुख्य प्रमुख जॉन रॉस १८३५ मध्ये वॉशिंग्टनमधील वाटाघाटींहून घरी परतले, तेव्हा त्यांच्या घरात सोडतीत ते घर लागलेले बिऱ्हाड राहत होते. राष्ट्राचा प्रमुख आपल्या दारात परका झाला आणि कुटुंबासह टेनेसीच्या सीमेपलीकडे एका ओंडक्यांच्या खोपटात राहू लागला.

चेरोकी न्यायालयातही गेले आणि जिंकले. चेरोकी प्रदेशात राहणाऱ्या गोऱ्यांनी परवाना घ्यावा आणि राज्यनिष्ठेची शपथ घ्यावी, असा जॉर्जियाचा कायदा होता. अमेरिकन बोर्डाचे मिशनरी सॅम्युएल वूस्टर यांनी शपथ नाकारली आणि त्यांना चार वर्षांची सक्तमजुरी झाली. अकरा दोषींपैकी नऊ जणांनी माफी स्वीकारली. वूस्टर आणि डॉ. एलायझर बटलर यांनी मात्र तुरुंग पत्करला, कारण सुटका झाली असती तर खटलाच उरला नसता. ३ मार्च १८३२ रोजी सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला की, चेरोकी राष्ट्र हा स्वतंत्र राजकीय समाज आहे आणि त्याच्या भूमीत जॉर्जियाच्या कायद्यांची सत्ता चालत नाही.

मार्शलनी निकाल दिला, आता त्यांनीच तो अमलात आणावा, हे वाक्य जॅक्सन यांच्या नावावर सर्वत्र सांगितले जाते. पण ते छापील स्वरूपात आढळते ते अनेक दशकांनंतर, आणि ते त्यांनी उच्चारल्याचा समकालीन पुरावा नाही. त्यांच्या कृतीचा पुरावा मात्र भरपूर आहे : त्यांनी जॉर्जियाला रोखले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस साउथ कॅरोलायनाने संघराज्याचा जकात कायदा आपल्यापुरता रद्दबातल ठरवला आणि देश फुटण्याची भाषा सुरू झाली. अशा वेळी जॉर्जिया साउथ कॅरोलायनाच्या बाजूला जाऊ नये, ही सर्वांचीच निकड झाली. वूस्टर आणि बटलर यांच्यावर सर्व बाजूंनी समजुतीचा दाब आला, आणि जानेवारी १८३३ मध्ये ते सुटले. निकाल पुस्तकात राहिला.

(दृश्य : रात्र, खिडकीतून दिसणारा मेणबत्तीचा उजेड)

आता चेरोकींमध्येच फूट पडली. संपादक बुडिनो, त्याचा चुलता मेजर रिज आणि चुलतभाऊ जॉन रिज यांना वाटू लागले की, न्यायालयात जिंकूनही जमीन वाचत नसेल, तर माणसे तरी वाचवावीत. रॉस आणि बहुसंख्य लोक एक इंचही देण्यास तयार नव्हते. तहाच्या बाजूचा मजकूर छापू दिला जाईना, म्हणून बुडिनोने १८३२ मध्ये संपादकपद सोडले. त्याला केवळ फितूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्याचे भय खोटे नव्हते.

डिसेंबर १८३५ मध्ये संघराज्याचे आयुक्त जॉन शरमरहॉर्न यांनी न्यू इकोटा येथे सभा बोलावली आणि जे येणार नाहीत त्यांची संमती गृहीत धरली जाईल असे कळवले. १६,००० हून अधिक लोकांपैकी काही शेच आले. २९ डिसेंबरच्या रात्री बुडिनोच्या घरात वीसेक जणांनी तहावर सह्या केल्या. ५० लाख डॉलरच्या बदल्यात मिसिसिपीच्या पूर्वेकडील सारी भूमी गेली. रॉस यांनी तहाविरुद्ध पंधरा हजारांहून अधिक नावांचे अर्ज वॉशिंग्टनला नेले. सिनेटर हेन्री क्ले आणि डॅनियल वेब्स्टर यांनी विरोध केला. मे १८३६ मध्ये सिनेटने ३१ विरुद्ध १५ मतांनी तह मंजूर केला. दोन तृतीयांशांची अट होती. बाजूचे एक मत विरोधात गेले असते, तर तह पडला असता.

(दृश्य : पडता बर्फ, गोठलेला नदीकाठ, काही क्षण निवेदन नाही)

निघून जाण्यासाठी तहाने दिलेली मुदत संपली २३ मे १८३८ रोजी. जनरल विनफिल्ड स्कॉट यांच्या हाताखालील सुमारे ७,००० शिपायांनी घरे, शेते, चुली यांवरून माणसे उठवली आणि लाकडी कुंपणांच्या छावण्यांत डांबली. त्या उन्हाळ्यात दुष्काळ होता. हगवणीने आधी मुले आणि म्हातारी माणसे गेली. नद्यांचे पाणी आटल्याने बोटी चालेनात, तेव्हा रॉस यांनी प्रवासाची व्यवस्था चेरोकींच्या हाती देण्याची परवानगी मिळवली. तेरा तुकड्या निघाल्या, त्यांतील बहुतेक खुश्कीच्या वाटेने, सुमारे हजार मैल. मिसिसिपीत बर्फाचे तुकडे वाहत असल्याने काही तुकड्या दक्षिण इलिनॉयमध्ये आठवडेच्या आठवडे उघड्यावर अडकल्या. छावण्या आणि वाट मिळून सुमारे चार हजार माणसे मेली, असा अंदाज सांगितला जातो.

जून १८३९ मध्ये, नव्या प्रदेशात, बुडिनो आणि दोन्ही रिज यांची एकाच दिवशी हत्या झाली. राष्ट्राच्या परवानगीवाचून जमीन विकणाऱ्याला मृत्युदंड, हा चेरोकींचा जुना कायदा होता. वूस्टर आधीच, १८३५ मध्ये, पश्चिमेला गेले होते. पार्क हिल येथे छापखाना पुन्हा सुरू झाला आणि सेक्वोयाची अक्षरे पुन्हा कागदावर उमटू लागली. जॉर्जियाने वूस्टर आणि बटलर यांना अधिकृत माफी दिली, ती १९९२ मध्ये.

न्यू इकोटाच्या तहाच्या सातव्या कलमात चेरोकींना अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात एक प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क लिहिलेला आहे. ज्या तहाविरुद्ध पंधरा हजार नावे वॉशिंग्टनला गेली होती, त्याच तहाच्या आधारे चेरोकी राष्ट्राने २०१९ मध्ये आपली प्रतिनिधी नेमली. नोव्हेंबर २०२२ मध्ये सभागृहाच्या समितीने त्यावर सुनावणी घेतली आणि ती जागा न देताच संपली.