ओस्लोचं झाड आणि सांगलीचा घाट

नमस्कार मंडळी. सातारा-सांगलीकडचे एवढे सगळे लंडनात जमलात, फार बरं वाटतंय.

डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी आपल्यातले बरेच जण मुलांना घेऊन ट्रफाल्गर चौकात गेला होतात. तिथलं नाताळचं झाड उजळलं तेव्हा मुलं जरा हिरमुसली. रंगीत गोळे नाहीत, झिरमिळ्या नाहीत, नुसत्या पांढऱ्या दिव्यांच्या माळा, शेंड्यापासून सरळ खाली सोडलेल्या. ती नॉर्वेची रीत. हे झाड ओस्लो शहराकडून येतं, 1947 पासून दरवर्षी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने नॉर्वे घेतला, तेव्हा राजा हाकोन आणि त्याचं सरकार लंडनच्या आसऱ्याला होतं. त्या उपकाराची आठवण म्हणून तिथल्या रानातला 20 मीटरहून उंच स्प्रूस समुद्र ओलांडून इथे येतो.

झाडावर विजेचे दिवे पहिल्यांदा लावले ते 1882 मध्ये न्यूयॉर्कला, एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी. त्याआधी मेणबत्त्या असत आणि आगीची धास्तीही. पण मला त्या दिव्यांमागचं कारण जास्त भिडतं. मदत करणारे गेले, घेणारेही बहुतेक गेले, तरी ओस्लो विसरलेलं नाही.

आपल्याकडे नवस फेडायला देवळापुढे दीपमाळा बांधल्या. देवाचं ऋण आपण दिव्यांनी फेडतो. माणसांचं का फेडू नये?

2019 च्या ऑगस्टमधला सांगलीचा महापूर आठवा. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, आणि कृष्णा 57 फुटांवर गेली. आपण इथून रात्रभर फोन लावत होतो. माझ्या आईला माडीवरून उतरवून होडीत बसवलं ते परक्या गावच्या पोरांनी. एकाने तिची औषधांची पिशवी भिजू नये म्हणून डोक्यावर धरली होती. त्याचं नाव आम्हाला आजही माहीत नाही. भाकरी-चटणीची गाठोडी घेऊन टेम्पो येत होते, तेही कुठले कुठले.

त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर पणत्या लागतात. त्यातली एक रांग दरवर्षी या माणसांसाठी लावावी, असं मला मनापासून वाटतं. तेल-वातींचा खर्च मंडळाने उचलावा. सुट्टीत गावी जाल तेव्हा घरी, गल्लीत विचारा: होडी कुणाची होती, भाकरी कुठून आली? नाव-गाव लिहून आणा. यादी मी करते.