बसल्या जागी हात पोचला पाहिजे

मघाशी ओळख करून देताना मला मासेमारीतला जाणकार म्हटलं. तेवढा एक शब्द मागं घ्या. मी वर्षभरात धरलेले मासे आमच्या घरातली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजून दाखवतात, आणि रविवारची मासळी अजून बाजारातनंच येते. माझा धंदा फॅब्रिकेशनचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं पत्रा कापला, वाकवला, जोडला. त्यातच दोस्तांच्या हौसेपायी पाच-सहा नावा केल्या. बारा फुटी, सपाट तळाच्या, आडव्या दोन फळ्यांच्या. नाव तरंगली की माझं काम संपलं, असं मला पहिल्यांदा वाटायचं. दुसऱ्याच दिवशी फोन यायचा, "नाव झ्याक झालीया, पण सामान कुठं ठेवायचं?" आजचा विषय त्या फोनमधनं आलाय.

इथं नदीकाठच्या गावची मंडळी बरीच दिसतात. तुमच्यातल्या कितीजणांनी काहिलीतनं पूर ओलांडलाय? गुऱ्हाळावरची, गूळ शिजवायची काहील. बघा, आठ-दहा हात वर आले. काहिलीत बसताना म्हातारी माणसं काय सांगायची? मधोमध बूड टेकून बस, उकिडवा बसू नकोस, आणि काय वाट्टेल ते झालं तरी उठायचं नाही. छोटी नाव म्हणजे काहिलीची लांबट बहीणच. लांबीच्या बाजूनं ती ऐकून घेते, रुंदीच्या बाजूनं नाही.

माणूस बसलेला असतो तेव्हा त्याचा भार खाली, फळीच्या जवळ असतो. तो उठला की तोच सत्तर किलोचा भार फूट-दीड फूट वर चढतो आणि नावेला कलंडायला निमित्त मिळतं. नुसता सरळ उभा राहिला तरी एक वेळ चालेल. पण नावेत माणूस उगीच उठत नाही, काहीतरी घ्यायला उठतो. म्हणजे उठतो, वाकतो आणि एका बाजूला हात लांब करतो. तिन्ही गोष्टी एकदम. म्हणून मी म्हणतो, नावेत सामान लावायचं ते जागा वाचवायला नाही, कुणाला उठायला लागू नये म्हणून.

हे मला शहाणपणानं कळलं नाही, पोटरीनं कळलं. काळम्मावाडी धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे धरणामागं साठलेल्या पाण्यात, आम्ही दोघं होतो. मी मागच्या फळीवर, दोस्त पुढच्या. माझ्या गळाला मरळ लागला, चांगला हातभर. गळ पार घशात गेलेला. पक्कड हवी होती, आणि ती होती दोस्ताच्याही पुढं, टोकाला कोंबलेल्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याखाली. मी म्हटलं, "राहू दे, मी घेतो." उठलो. तळाशी आडवी पडलेली गळाची काठी पायाखाली आली. कार्बनची काठी, तिचा कट्‌ असा आवाज अजून कानात आहे. पाय घसरला, नाव डावीकडं झुकली, काठावरनं बादलीभर पाणी आत आलं. मी धप्पदिशी खाली बसलो आणि पाय आला फळीवर उघड्या ठेवलेल्या, आमिषाच्या नकली माशावर. त्याला तिहेरी गळ, त्यातला एक पोटरीत. मरळानं त्या गोंधळात नावेतच दोन कोलांट्या मारल्या आणि तो पाण्यात गेला. गळ डॉक्टरांनी काढला. मागं ओढून नाही निघत तो, काट्याला उलटं टोक असतं. त्यांनी तो पुढं ढकलून कातडीबाहेर आणला, ते टोक तोडलं आणि मग मागं घेतला. तोडायला काय वापरलं? पक्कडच.

घरी येऊन हिशेब मांडला. काठी मोडली, मासा गेला, दोन दिवस कामाला दांडी. कारण एकच, पक्कड हाताच्या टप्प्यात नव्हती.

तर आधी काठ्या. नावेत सगळ्यात अडचणीचं सामान तेच, कारण वजनाला काही नाही पण लांबीला सात फूट. जोडाची असली तर साडेतीन फुटांचे दोन तुकडे होतात आणि दोन फळ्यांच्या मधे निजतात. पण पाण्यावर गेल्यावर कुणी काठी सोडून ठेवत नाही. दोरा ओवलेला, गळ बांधलेला, तयार काठी लागते. ती तळाला ठेवली की पायाखाली येणार. फळ्यांवर आडवी ठेवली की वल्ह्याला अडणार. म्हणून ती जाते काठाच्या आतल्या अंगाला, बाजूच्या पत्र्याला समांतर.

मी काय करतो सांगतो. नळकामाचा साधा 40 मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप घेतो, साडेपाच फूट लांब. पाईप आणायच्या आधी आपल्या काठीची, दोरा ओवतात त्यातली सगळ्यात मोठी रिंग मोजा, रिळाजवळची. ती आतनं सहज गेली पाहिजे. पाईपचं तोंड मागं, बसणाऱ्याकडं. काठीचं टोक त्यात सारायचं. मूठ आणि रीळ बाहेर, मांडीच्या शेजारी. काठी हवी तेव्हा हात खाली घालायचा आणि उपसायची, म्यानातनं तलवार काढावी तशी. टोक आत असल्यानं ते मोडतही नाही आणि पुढच्याच्या डोळ्यातही जात नाही.

पाईपचं कापलेलं तोंड मात्र तसंच सोडू नका. ती कड दोरा खरवडते आणि रिंगा तिच्यावर आपटतात. तोंडाला हीटगन मारायची, पाईप मऊ पडला की सोड्याच्या काचेच्या बाटलीच्या खांद्यावर दाबून फिरवायचा. कर्ण्यासारखं तोंड उघडतं. तसंच धरून वर पाणी ओता, की आकार बसला. दुसऱ्या टोकाला खालच्या अंगानं एक भोक पाडा, नाहीतर काठीबरोबर आत गेलेलं पाणी तिथंच साठून राहतं.

पाईप बसवायला नावेच्या बाजूला भोकं पाडू नका, हे मी पत्र्याचा माणूस म्हणून हात जोडून सांगतो. वरच्या कडेला पट्टी लावा, तिला वायरिंगवाले वापरतात तसली सॅडल आणि पंखाचा नट. हातानं फिरवला की सुटला पाहिजे. याचं कारण 2019 चा पूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी 55 च्या वर गेलं. शेजारच्या गल्लीतली माणसं काढायला माझी नाव मागितली. पाईप, पेट्या, सगळं दहा मिनिटांत उतरवलं आणि रिकामी नाव दिली. तिथं रिबिट मारून बसलो असतो तर माणसं बसवायची कुठं?

आता काठ्यांच्या जातीबद्दल थोडं. बांबूची काठी पडली तर तरंगते, मोडली तर दुसरी मिळते. जुन्या भोई मंडळींच्या घरी ती चुलीच्या वर आढ्याला टांगलेली असायची. धूर बसला की भुंगा लागत नाही. कार्बनची काठी हलकी, चपळ, पण बाजूनं मार बसला की आतनं तडकते. वरनं दिसत नाही. पुढच्या महिन्यात मासा लागल्यावर मोडते आणि आपण कंपनीला शिव्या घालतो. रिंगांच्या आत गुळगुळीत कडं असतं, त्याचंही तसंच. कापसाचा बोळा प्रत्येक रिंगेतनं फिरवून बघा. तंतू अडकला तर तिथं चीर आहे, आणि तीच चीर तुमचा दोरा कापत असते.

कार्बनमधनं वीज जाते, हे मात्र हसण्यावारी नेऊ नका. हल्ली काठ्या उभ्या लावायचे स्टँड मिळतात, फोटोत फार छान दिसतात. पण धरण भरलं की फुगवट्यावरच्या विजेच्या तारा पाण्याला जवळ येतात, आणि ज्या तारेखालनं उन्हाळ्यात गेलात तिथंच पावसाळ्यानंतर काठीचं टोक टेकू शकतं. एप्रिल-मे मधला आपला वळीव तर सांगून येत नाही. उघड्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू तुमची काठी. ढग गुरगुरला की काठ्या आडव्या पाईपात, आणि नाव काठाला.

गळांचं एकच सांगतो, उघडा गळ नावेत दिसता कामा नये. सायकलची जुनी ट्यूब कापून बोटभर रुंद पट्ट्या करा. काठीला गुंडाळा, गळ तिच्यात अडकवा. हीच पट्टी वल्हं बांधायला, हातजाळीचा दांडा अडकवायला. फुकट आहे आणि पाण्यानं कुजत नाही.

पेटी मोठी एक घेण्यापेक्षा छोट्या तीन बऱ्या. मोठ्या पेटीत हवी ती वस्तू नेहमी तळाशी असते, हे विज्ञान मला अजून उलगडलेलं नाही. आमिषाचे रबरी किडे मात्र त्यांच्या पिशवीतच ठेवा. ते मऊ राहावेत म्हणून घातलेलं तेल काही प्लॅस्टिकला खातं; माझ्या एका डब्याचं झाकण आणि सहा किडे मिळून एक नवीनच प्राणी झाला होता. वापरलेला ओला गळ कोरड्या गळांत परत टाकू नका, एक गंजला की शेजारी गंजतात. ओल्याची डबी वेगळी. चपलांच्या खोक्यात येतात त्या सिलिकाच्या पुड्या पेटीत टाकत चला.

दोरा बुडवायचं शिसं नावेच्या मधे आणि तळाला. ते जड आहे म्हणून, आणि भाकरीपासनं लांब राहावं म्हणूनही. शिशाची गोळी दातानं चावून दोऱ्यावर बसवणारे इथं आहेत, मी नावं घेत नाही. शिसं विष आहे. त्याला पक्कड वापरा, आणि जेवणाआधी हात धुवा, पाणी भोवतीनं भरपूर आहे.

बॅटरीवरची मोटर असेल तर मोटर मागं, माणूस मागं, आणि बॅटरीही सोयीची म्हणून मागंच, असं होतं. मग पुढचं टोक आभाळ बघतं. बॅटरी पुढं सरकवा, वायर लांब घ्या, आणि ती बांधा. नाव झुकली की सुटी बॅटरी त्याच बाजूला घसरते, म्हणजे बुडायला मदत.

लाईफ जॅकेट कुठं ठेवायचं असं एकानं चिठ्ठीत विचारलंय. अंगात.

घरी आल्यावर काठ्या पुसून कोरड्या करा, रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरा आवळून धरणारा ब्रेक, ढिला सोडा, नाहीतर आतल्या चकत्या दबून बसतात. नायलॉनची तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, उन्हात नावेतच राहिली तर वरनं चांगली दिसते आणि ऐन वेळी तुटते. आणि धरणाचं पाणी बहुतेक ठिकाणी मच्छीमार संस्थेला ठेक्यानं दिलेलं असतं, तेव्हा विचारून जा. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, आपली हौस.

आणि पक्कड? ती माझ्या मागच्या फळीच्या खाली, उजव्या हाताला, एका दोरीनं बांधलेली असते. डोळे मिटून सापडते. परवा नातवाला नावेत बसवलं, त्याचा हात तिथवर पोचेना, तर दोरी वीतभर लांब केली. नमुन्याला पाईपचे दोन तुकडे आणलेत, एक तोंड उघडलेला आणि एक तसाच कापलेला. टेबलावर ठेवलेत, कडेवरनं बोट फिरवून बघा. कापलेल्यावरनं जरा जपून.