गाडी मागे घेतली

श्रोतेहो, नमस्कार.

घरात राजमा असेल तर एक करून बघा. जुन्या जीन्सचा एक पाय कापा, एक तोंड शिवून टाका, आत दोन किलो राजमा भरा आणि दुसरं तोंडही बंद करा. ही पिशवी खिडकीच्या कठड्यावर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवा. कॅमेरा मांडी घालून बसल्यासारखा बसतो. माझी पिशवी आमच्या गल्लीतल्या टेलरने चेन लावून शिवून दिली. विमानात वजन नको म्हणून मी ती रिकामी नेली आणि राजमा केनियात भरला.

केनियात, म्हणजे मसाई मारामध्ये. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तिथल्या एका छोट्या सफारी लॉजवर मी सहा दिवसांच्या फोटोग्राफीच्या कार्यशाळेला गेले होते. छायाचित्रण हा शब्द मी मुद्दाम टाळते आहे. घरात, रस्त्यावर, लग्नात आपण फोटोच म्हणतो, मग रेडिओवरही फोटोच म्हणावं, असं माझं ठाम मत आहे.

फेब्रुवारीत का गेलात, असं मला सगळ्यांनी विचारलं. नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या आफ्रिकी हरणांचे, कळप तेव्हा माराला नसतात. खरंच नसतात. ते तेव्हा टांझानियात, सेरेंगेटीच्या दक्षिणेला असतात, तिथे त्यांची वासरं जन्मतात. पण कळप गेले म्हणून सिंह, चित्ते, जिराफ गाव सोडत नाहीत. एका दृश्यासाठी अख्खं जंगल ठरावीक तीन महिन्यांत गाठायचं, हे मला पटत नाही.

आमचं लॉज नाबोइशोत होतं. मारा राष्ट्रीय राखीव क्षेत्र साधारण दीड हजार चौरस किलोमीटरचं आहे, आणि त्याला लागून मसाई लोकांच्या मालकीच्या जमिनी आहेत. 2010 साली पाचशेहून जास्त मसाई जमीनमालकांनी आपापले तुकडे एकत्र केले, तेच हे नाबोइशो. सुमारे 50,000 एकर. लॉजवाले त्यांना दर महिन्याला भाडं देतात. ज्याच्या रानात सिंह फिरतो, त्याच्या घरात त्या सिंहाचे पैसे पोचतात. ही व्यवस्था मला फार आवडली. आपल्याकडे व्याघ्रप्रकल्पांच्या कडेला ज्यांची गुरं वाघ उचलतो, त्यांच्याबद्दल आपण किती कमी बोलतो. असो. तो वेगळा विषय आहे, पण मनात आला.

शिकणारे आम्ही सहा जण होतो, गाड्या दोन. एका गाडीत तिघेच, म्हणजे प्रत्येकाला दोन्ही बाजू मोकळ्या. साडेपाचला चहा, साडेसहाला उजाडतं. विषुववृत्त जवळ, त्यामुळे वर्षभर सूर्य त्याच सुमाराला उगवतो. दहाच्या आत परत यायचं, कारण ऊन तापलं की जमिनीवरची हवा लहरते आणि कितीही महागडी लेन्स असली तरी लांबचा प्राणी पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. दुपारी जेवणाच्या तंबूत पडद्यावर प्रत्येकाचे पाच फोटो. पाचच. सकाळी हजार काढलेले असतात, त्यातले पाच निवडताना माणूस खरा शिकतो. आणि निवडलेले कागदावर छापून घ्या हो. मोबाइलमधला फोटो आजीला दाखवायचा, तर ती चष्मा शोधेपर्यंत पडदा काळा होतो.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात सांगते. कॅमेऱ्याची झडप, म्हणजे शटर, उभ्या प्राण्याला सेकंदाचा पाचशेवा भाग उघडली तरी पुरते, पळत्या चित्त्याला दोन हजारावा लागतो. उजेड कमी असेल तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. बाकीचं तुम्हाला दुकानदारही सांगेल.

दुकानदार सांगणार नाही ती गोष्ट अशी : जंगलातला फोटो आधी गाडी काढते, मग कॅमेरा. पुन्हा सांगते. आधी गाडी, मग कॅमेरा. सूर्य तुमच्या पाठीशी आहे की समोर, प्राण्याच्या मागे मोकळं गवत आहे की दुसरी पांढरी गाडी, तुम्ही त्याच्या डोळ्यांच्या पातळीला आहात की डोक्यावरून बघताय, हे सगळं गाडी कुठे थांबली यावर ठरतं. आणि गाडी कुठे थांबवायची ते चालवणारा ठरवतो.

आमची गाडी चालवत होते म्झे. हे त्यांचं नाव नाही. स्वाहिलीत वयस्कर माणसाला आदराने म्झे म्हणतात, आपण अण्णा किंवा आबा म्हणावं तसं. साठीचे असतील. उंच, सडपातळ, खांद्यावर लाल चौकड्यांची शाल. मला ते मामा म्हणायचे. पहिल्या दिवशी मी वळून बघितलं, कारण आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ. तिकडे मामा म्हणजे आई, बाई.

स्वाहिली कानाला परकी वाटतच नाही. गाडीला ते गारी म्हणतात, रंगाला रांगी, आणि चपातीला चपातीच. कोकणासारखाच तो किनाराही अरबांशी आणि गुजरातच्या व्यापाऱ्यांशी शतकानुशतकं देवघेव करत आलेला. म्झेंच्या तोंडी एक म्हण सारखी असायची : हराका हराका हाइना बराका. घाई घाई, बरकत नाही. आणि त्यांचे आकडे : एक म्हणजे मोजा, दोन म्हणजे म्बिली, तीन म्हणजे तातू. मोजायला सुरुवात करतानाच ते मोजा म्हणतात, याची मला रोज मौज वाटायची.

आता ती सकाळ सांगते. चौथा दिवस. त्या दिवशी आम्ही नाबोइशो सोडून मुख्य राखीव क्षेत्रात गेलो होतो. रात्री पाऊस झालेला, गवत गुडघाभर आणि ओलं. पावणेआठच्या सुमाराला एका वारुळावर चित्त्याची मादी दिसली. तिची तीन पिल्लं, अडीच-तीन महिन्यांची असतील. या वयात पिल्लांच्या मानेवर, पाठीवर राखाडी केसांचा लांब झुपका असतो, वाळलेल्या कुसळासारखा. आई हलली की पिल्लं मागोमाग हलत होती. आम्ही राजम्याच्या पिशव्या कठड्यावर टाकल्या आणि श्वास धरून बसलो.

आणि गाड्या यायला लागल्या. पाच. मग सात. मग अकरा. नियम एका प्राण्याजवळ पाच गाड्यांचा आहे. पण गाड्यांमधल्या रेडिओवर बातमी गेली की माणसांना थांबवत नाही. आईने मैदानात हरणं पाहिली आणि ती उतारावरून निघाली. दोन पिल्लं तिच्या मागे रस्ता ओलांडून गेली. तिसरं जरा मागे राहिलं, आणि तेवढ्यात दोन गाड्या पुढे सरकल्या. आई पलीकडे, पिल्लू अलीकडे, मध्ये गाड्यांची भिंत.

मला तेव्हा यातलं काहीच कळलं नव्हतं. मला फक्त एक आवाज येत होता. चिव. चिव. एका सुरातला, लांबवर जाणारा. मी हळूच विचारलं, "म्झे, हा कुठला पक्षी?"

ते म्हणाले, "मामा, तो पक्षी नाही. ती आई आहे."

चित्त्याला डरकाळी फोडता येत नाही. पिल्लांना बोलावताना ती पाखरासारखी चिवचिवते. मी जीवशास्त्राची शिक्षिका, तीस वर्षं मुलांना हे शिकवलं होतं. कानाने मात्र त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आणि मी कोल्हापूरची. आमच्या संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळत. डोळ्यांवर टोपी चढवून गाड्यावरून माळावर न्यायचे, काळवीट दिसला की टोपी काढायची. आपल्याकडचे चित्ते संपत आले तेव्हा संस्थानिक ते आफ्रिकेतून आणवत. म्हणजे ही चिवचिव आमच्या चित्तेवानांच्या कानावर रोज पडत असणार. 1952 साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. 2022 च्या सप्टेंबरात नामिबियाहून आठ चित्ते कुनोला आले, तोवर सत्तर वर्षं हा आवाज आपल्या माळांवर नव्हता.

तर म्झेंनी गाडी सुरू केली. आम्हाला वाटलं, आता पुढे घेणार. आमच्यातल्या एकाने लेन्ससुद्धा तयार ठेवली. म्झेंनी गाडी मागे घेतली. अगदी सावकाश, आरशात बघत, शंभरेक पावलं मागे. मग रेडिओ उचलला आणि बोलायला लागले. मला त्यातले दोनच शब्द कळले : न्यूमा, न्यूमा. मागे, मागे. आवाज चढवला नाही. शिव्या दिल्या नाहीत. एकेकाला हाक मारून तेच सांगत राहिले. पहिली गाडी हलली. मग तिच्याशेजारची. एक गाडी मात्र हलेना, तिच्यातले लोक टपावर उभे राहून फोटो काढत होते. म्झे तिच्या चालकाशी मसाईत बोलले, बराच वेळ बोलले. शेवटी तीही मागे सरकली.

मी घड्याळ पाहिलं होतं. आवाज ओळखला तेव्हापासून अठरा मिनिटं. अठरा मिनिटं ती पलीकडच्या एका वारुळावर उभी राहून हाका मारत होती. शिकार केव्हाच पळून गेली होती.

मग आमच्या उजव्या हाताला गवताचे शेंडे हलायला लागले. पिल्लू दिसत नव्हतं. फक्त शेंडे हलत होते, थांबत होते, पुन्हा हलत होते. गाड्या जिथे उभ्या होत्या तिथलं दबलेलं गवत आलं, तेव्हा ते उघड्यावर आलं. भिजलेलं, कुसळं चिकटलेलं. आईने वारुळावरून उडी मारली आणि त्याचं तोंड, मान, पाठ चाटून काढली.

फोटोचं म्हणाल, तर आम्ही मागे आलो होतो आणि ऊन आता समोर होतं. पुस्तकाप्रमाणे सगळंच चुकलं होतं. मी तरी दाबलं बटण. आई काळपट दिसते, पिल्लू अंगठ्याएवढं, पण त्याच्या पाठीवरचा तो झुपका समोरच्या उन्हात पेटल्यासारखा चमकतोय. आणि चौकटीत एकही गाडी नाही. त्या दिवशीच्या माझ्या पाच फोटोंत हा होता, आणि तोच माझ्या भिंतीवर आहे.

दुपारी तंबूत आमच्या शिक्षकांनी एक गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगते. माराच्या चित्त्यांवरचा एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला आहे. पर्यटकांची वर्दळ कमी असते तिथे मादी एका वेतातली सरासरी दोनाहून जास्त पिल्लं वाढवते. वर्दळ जास्त असते तिथे ही सरासरी एकाच्याही खूप खाली येते. पाच वेतांमागे एखादंच पिल्लू मोठं होतं म्हणा. सिंह, तरस दोन्हीकडे असतात. फरक गाड्यांचा.

म्हणून अशा कार्यशाळेला जाणार असाल, तर लेन्स किती मिलिमीटरची हवी हे नंतर विचारा. आधी विचारा, एका गाडीत किती जण बसणार? चालवणारा कोण, किती वर्षं त्या रानात आहे? आणि तो गाडी मागे घेईल का? त्याने घेतली तर त्याला पुढे जायला सांगू नका. बक्षिसाचं आमिष तर मुळीच दाखवू नका. पुष्कळ गाड्या त्या आमिषानेच पुढे सरकतात.

सहाव्या दिवशी, निघायच्या सकाळी, म्झेंनी आम्हाला पुन्हा तिकडे नेलं. लांबच, रस्त्यावरच थांबले. इंजिन बंद केलं. पलीकडच्या उतारावर ती आई पहुडली होती, नुसत्या डोळ्यांना ठिपक्याएवढी. म्झेंनी दुर्बीण लावली आणि बोट वर केलं.

"मोजा," म्हणाले.

थोड्या वेळाने, "म्बिली."

मग बराच वेळ काहीच नाही. वाऱ्याने गवत एकीकडे झुकलं, परत सरळ झालं. आमच्यापैकी कुणी कॅमेऱ्याला हात लावला नव्हता, इतक्या लांबून फोटो येणारच नव्हता.

"तातू," म्झे म्हणाले, आणि दुर्बीण माझ्या हातात दिली.

नमस्कार.