काच, रबर आणि गगनबावड्याचा रस्ता

(दृश्य : शिवाजी उद्यमनगर. गॅरेजपुढं पिकअपची रांग. वायपरचा खर्र-खर्र आवाज.)

मिरगाचा पाऊस कोल्हापुरात उतरला की पहिली गर्दी छत्रीवाल्यांकडं होते आणि दुसरी इथं. कुणाच्या गाडीत भाजीचे क्रेट, कुणाच्या दुधाचे कॅन, एकीत ताडपत्रीखाली गुळाचे रवे. माल वेगवेगळा, तक्रार एकच. वायपर चालतोय, पण दिसत काही नाही.

हा वायपर जवळून बघा. गेला पावसाळा संपल्यापासून याला कुणी हात लावलेला नाही. एकाच जागी, काचेला टेकून, सगळा उन्हाळा उन्हात. रबराची धार एका बाजूला वाकली ती तशीच कडक झाली. चांगल्या रबराची धार जाताना एका अंगाला कलते, परतताना दुसऱ्या अंगाला पलटी खाते. त्या पलटीवर सगळा खेळ आहे. ही धार पलटतच नाही. एका फेरीला पाणी निपटते, दुसऱ्या फेरीला नुसती थरथरते. आवाज येतोय तो त्याचा.

मिस्त्री पट्टीवरून नख फिरवतात. नख जागोजागी अडतं.

"मालक, ह्ये रबर गेलं. ह्येनं पाणी न्हाई जायचं, काच जाईल."

काच जाते म्हणजे काय, ते कॅमेऱ्याला दिवसा दिसेना. मग टॉर्च तिरका धरला. हे कमानीसारखे ओरखडे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये, म्हणजे वाळूच्या साच्यात धातू ओतणाऱ्या कारखान्यांमध्ये, फेऱ्या मारणारी ही गाडी. साच्याची वाळू म्हणजे सिलिका, काचेपेक्षा कठीण. धूळ बसलेल्या कोरड्या काचेवर वायपर फिरवला की प्रत्येक कण एक रेघ ओढतो. रात्री समोरून हेडलाइट आला की या सगळ्या रेघा एकदम पेटतात.

(दृश्य : बाकावर उघडलेली वायपरची मोटर.)

आत पेचाचा दांडा, त्याच्यावर फिरणारं दातेरी चाक आणि चाकाला टेकलेली ही तांब्याची पत्ती. बटण बंद केल्यावरही वायपर अध्येमध्ये न थांबता खाली येऊन निजतो, तो हिच्यामुळं. पत्ती झिजली की वायपर भर काचेवर, ड्रायव्हरच्या नजरेसमोर उभा राहतो. मिस्त्री पॉलिश पेपर मारतात, पत्ती जराशी वर उचलतात, ग्रीस लावतात. सांध्यातला प्लास्टिकचा बुश मात्र नवा घालावा लागतो. तो खिळखिळा झाला, की कितीही भारी रबर आणा, वायपरचा हात डुलत राहतो.

हे यंत्र एका बाईच्या डोक्यातून निघालं. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मेरी अँडरसन यांना १९०३ साली त्याचं पेटंट मिळालं. ड्रायव्हरनं आतून दांडा हलवायचा, बाहेर रबराची पट्टी काचेवर फिरायची. आता मोटर आली. पण भर पावसात मोटर जळाली, की आपली मंडळी परत हातावर येतात. वायपरला सुतळी बांधायची, दोन टोकं दोन खिडक्यांतून आत घ्यायची. एक ड्रायव्हर ओढणार, दुसरं क्लीनर. अशी गाडी घरापर्यंत आणल्याचं इथं अभिमानानं सांगतात.

(दृश्य : पुढची काच बसवणं. पूर्ण प्रसंग, कट न करता.)

ही काच नवी बसते आहे. जुनीला उसाच्या ट्रॉलीमागं खडा लागला होता. आधी छोटी चांदणी उठली. तेव्हाच रेझिन भरून घेतलं असतं तर काच वाचली असती. हंगाम सुरू होता, गाडी थांबवायला कुणाला सवड नव्हती, आणि एका खड्ड्यात चीर कडेपर्यंत गेली. पुढची काच म्हणजे खरं तर दोन काचा आणि मध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, म्हणून ती तडकते पण अंगावर सांडत नाही. बाजूच्या खिडकीची काच वेगळी. ती फुटली तर तिचे बारीक, बोथट तुकडे होतात.

आता दोरीकडं लक्ष द्या. आधी काचेच्या कडेला रबरी बीडिंग चढवलं. बीडिंगच्या बाहेरच्या खाचेत नायलॉनची दोरी चारी बाजूंनी फिरवली, दोन्ही टोकं केबिनच्या आत सोडली. वर साबणाचं पाणी. बाहेरून दोघंजण तळहातानं काच दाबून धरतात. आत बसलेला पोरगा दोरी ओढत जातो. दोरी निघेल तसतशी रबराची कड पत्र्यावरून आत पलटते. कोपरा आला की तो थांबतो. बाहेरून थाप, आतून ओढ, परत थाप. घाई केली तर रबर फाटतं, नाहीतर नवी कोरी काच जाते. वरचा डावा कोपरा हट्टी निघाला. तिथं मिस्त्री स्वतः आत गेले, पोराच्या हातून दोरी घेतली, आणि न बोलता पुढचं वीतभर अंतर त्यांनी ओढलं. पोरगा फक्त त्यांच्या मनगटाकडं बघत होता.

नव्या गाड्यांच्या काचा थेट चिकटवून बसवतात. तिथं या दोरीला काम नाही.

(दृश्य : गगनबावडा, दुपार. केबिनच्या आतून.)

कोल्हापूरहून गगनबावडा साधारण ५५ किलोमीटर. इथून एक रस्ता करूळ घाटानं वैभववाडीला उतरतो, दुसरा भुईबावडा घाटानं खारेपाटणकडं. बाहेर धुकं आहेच. पण काचेवर दिसतंय ते बाहेरचं नव्हे. भिजलेले कपडे, दोघांचा श्वास, बंद खिडक्या. आतली दमट हवा गार काचेला लागून तिचं पाणी होतं. वायपर कितीही जोरात फिरवा, तो काचेच्या पलीकडं. आतून फडकं मारलं तर बिडीच्या धुराचा आणि डॅशबोर्डच्या प्लास्टिकचा तेलकट थर नुसता पसरतो. उपाय साधा आहे. काच आतूनही साबणानं धुवायची, खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची, ब्लोअर काचेवर सोडायचा. एसी असेल तर भर पावसातही लावायचा, कारण तो हवा कोरडी करतो.

असेल तर. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, तो साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना. बहुतेक पिकअप त्या आकड्याच्या खाली राहतात. घाट तोच, पाऊस तोच, मोकळी सुटली ती पिकअप. मग ड्रायव्हर तंबाखू ओली करून बाहेरून काचेवर चोळतात, म्हणजे पाण्याचे थेंब न धरता ते सपाट पसरतं. आम्ही चोळताना बघितलं. थोडा वेळ दिसतंय खरं.

अपघात होतात. पेपरात 'चालकाचा ताबा सुटल्याने' एवढंच येतं.

(दृश्य : पुन्हा गॅरेज. रेडियमवाला आणि मालक.)

पुढच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये बंदी आणली. रेडियमच्या अक्षरांना टक्केवारी लावायची कशी? या काचेवर वर 'जोतिबाच्या नावानं चांगभलं', खाली दोन्ही पोरांची नावं, त्याखाली वाघाचे डोळे. ड्रायव्हरला रस्ता दिसतो तो वाघाच्या डोळ्यांमधून.

"दादा, खालचं काढूया की," मिस्त्री म्हणतात.

मालक गप्प. ड्रायव्हरही गप्प, गाडी त्याची नाही. वायपरच्या रबरांची जोडी घ्यायला महिनाभर 'बघू' म्हणणाऱ्या मालकांनी या अक्षरांना किती मोजले, ते त्यांनी हसत सांगितलं. आम्ही इथं सांगत नाही.

शेवटी तोड निघते. चांगभलं वरच्या कडेला सरकवायचं, पोरांची नावं मागच्या फाळक्यावर, वाघ काढायचा. रेडियमवाला ब्लेड घेऊन बसतो. काढायचेही पैसे पडतात, हे मात्र मालकांना पटलेलं नाही.